नाही म्हणायचं नाही

आमच्या घरात मीठ संपत नाही, वाढतं. तांदूळ वाढतात, गोडंतेल वाढतं, परवा तर गॅसची टाकी वाढली. लग्न होऊन हिंगोलीत आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "देवश्री, मीठ वाढलंय गं," आणि मी मनात म्हटलं, वाढलंय तर बरंच आहे की. संध्याकाळी सगळ्यांनी आळणी भाजी मुकाट्याने खाल्ली.

दिवा वाढवतात, दुकान वाढवतात, हातातली बांगडी वाढते, हे मला माहेरीही माहीत होतं. पण या घरातलं प्रकरण वेगळं. संपलं, उरलं नाही, नाही, असले शब्द तोंडातून काढायचे नाहीत. वास्तुपुरुष सारखा तथास्तु म्हणत असतो म्हणे, त्याच्या कानावर भलतंसलतं पडायला नको. मिठापुरतं असतं तर मी शिकले असते. इथे माणसांनासुद्धा कुणी नाही म्हणत नाही. काहीही विचारा, उत्तर एकच. बघू.

ऐश्वर्याचा फोन आला तेव्हा मी स्वानंदच्या तोंडातून खडूचा तुकडा काढत होते. पुण्याच्या कंपनीत ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. लग्नानंतर मी इथून, घरूनच काम करायचे, स्वानंद झाल्यावरही; मग कंपनीने सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलं आणि माझं तिथलं संपलं. ती आता टीमची प्रमुख आहे.

"आपला पॅकेज मॅनेजर आठवतो ना?" ती म्हणाली.

न आठवायला काय झालं? कंपनीची यंत्रं गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर आहेत. कुठल्या यंत्राला कुठलं सॉफ्टवेअर लागतं, ते कुठल्या सर्व्हरवर सापडेल, त्याच्याबरोबर आणखी काय काय उतरवावं लागेल, हे सगळं शोधून आणून बसवणारा तो प्रोग्राम. सॉफ्टवेअरचे साठे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, त्यांना आम्ही रेपो म्हणायचो. हा एकेका रेपोला विचारत फिरतो.

"तो शोधायला इतका वेळ लावतोय की लोक शिव्या घालताहेत. सकाळी दूध घालणाऱ्यांची रांग आणि यंत्र आपलं गोल गोल फिरतंय. आणि गंमत म्हणजे आम्ही पुण्यातून बघितलं की पटकन होतं. इथे कुणाला काही दिसतच नाही. तू तिकडे तसल्या नेटवर बसलीयेस, म्हणून म्हटलं तुला विचारावं."

तसल्या नेटवर. मी ते गिळलं, कारण तिचं पुढचं वाक्य मला हवं होतं.

"हे नीट करून दिलंस तर एक जागा आहे देवू. कायमची. घरूनच काम. मंगळवारी अकराला दूध संघाचे लोक कॉलवर येणार आहेत, तू स्वतः दाखवायचंस त्यांना. फक्त मागच्यासारखं नको हं."

मागच्या वेळी मी अशाच एका मीटिंगमध्ये बोलत असताना स्वानंदने भोकाड पसरलं होतं. साहेब म्हणाले, आधी बाळ बघा मॅडम, सॉफ्टवेअर कुठे पळून जात नाही. सगळे हसले होते. मीही हसले होते.

स्वानंद आता दोन वर्षांचा होऊन गेलाय. गेल्या हिवाळ्यात त्याच्या घशात शेंगदाणा अडकला होता. त्याचे ओठ निळे पडलेले मी बघितलेत. मांडीवर पालथा घालून पाठीत थापट्या मारल्या तेव्हा तो दाणा बाहेर पडला. तेव्हापासून माझा एक कान त्याच्याकडेच असतो. तो बडबडतोय, रडतोय, भांडी आपटतोय, तोवर मी बिनधास्त पोळ्या लाटते. गप्प झाला की मी लाटणं टाकून धावते. सासूबाई म्हणतात, "काहून एवढी भेतेस गं? लेकरू हाय, बाहुली न्हाई." एवढ्यापुरता त्यांच्या तोंडून तो शब्द निघतो.

तर मंगळवारी सकाळी दोन तास कुणीतरी त्याच्यावर डोळा ठेवायला हवा होता. घरात असणं वेगळं आणि डोळा ठेवणं वेगळं.

मी आधी नवऱ्याला विचारलं. चिन्मय बाजार समितीच्या कार्यालयात कारकून आहेत.

"अहो, मंगळवारी अर्धा दिवस सुट्टी मिळेल का?"

"मंगळवारी? हळदीची आवक जोरात आहे सध्या." त्यांनी चहाचा घोट घेतला. "बघू. आईला विचारलंस का?"

आईंना विचारलं. त्या सुपात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सूप हळूच स्वानंदपासून लांब सरकवलं.

"बघू की. मी काय कुठं पळून चालले का? पण मंगळवार म्हणजे आमचं भजनी मंडळ असतंय बघ. ह्यांना विचार बरं एकदा."

बाबांना विचारलं. बंडोपंत म्हणजे माझे सासरे. देवळाची पूजा त्यांच्याकडे आहे, शिवाय आसपासच्या गावांतली यजमानकृत्यं.

"कुरुंद्याचे यजमान सत्यनारायणाचं बोलले होते. अजून काही नक्की न्हा..." ते थबकले. "म्हणजे ठरायचं आहे. बघू. चिन्मय काय म्हणतो?"

चिन्मय म्हणतात आईला विचार. आई म्हणतात ह्यांना विचार. हे म्हणतात चिन्मय काय म्हणतो. मी तीन दारं वाजवून पुन्हा पहिल्या दाराशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, जसं काही आदल्या दिवशी विचारलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी सासूबाई शेवटी बोलल्या, पण मला नव्हे, तुळशीला पाणी घालता घालता.

"आमी तीन लेकरं वाढवली. कुणाला कधी म्हणलो का, धर गं जरा? आता एका लेकराला चार माणसं लागून राहिली."

मी काम करायचे ते दुपारी, स्वानंद झोपला की. मोबाईलला नेट फक्त खिडकीच्या चौकटीत येतं, म्हणून मोबाईल तिथे आणि मी खाली लॅपटॉप घेऊन. पहिले दोन दिवस नुसताच प्रोग्राम वाचला. मग विचार केला, हा नेमका काय विचारत फिरतो ते तरी बघू या. त्याचा प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर पडद्यावर ओळीने उमटेल असं केलं आणि एक साधंसं सॉफ्टवेअर मागितलं.

ओळी यायला लागल्या. तुझ्याकडे आहे का? नाही. तुझ्याकडे आहे का? नाही. तुझ्याकडे? नाही. तुझ्याकडे? हो. ठीक. हे 'हो' त्याने जपून ठेवलं. मग त्या सॉफ्टवेअरला लागणारा पुढचा तुकडा. पुन्हा पहिल्यापासून तुझ्याकडे आहे का? मग त्याच्या पुढचा. त्यातले बरेच तुकडे पुन्हा पुन्हा लागणारे. ज्याने आत्ताच नाही म्हणून सांगितलं, त्यालाच हा परत तोच प्रश्न विचारत होता, तितक्याच अदबीने. 'हो' लक्षात ठेवायचं एवढं लिहिणाऱ्याला सुचलं होतं. 'नाही' हेही एक उत्तर आहे आणि तेही लक्षात ठेवावं लागतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुण्यात एकेक नाही पापणी लवायच्या आत परत येतं, तिथे कुणाला काय जाणवणार? माझ्या खिडकीपर्यंत यायला त्याला घाम फुटतो.

आणि एक रेपो असा होता की तो काहीच बोलत नव्हता. कधीकाळी कुणीतरी यादीत जोडून ठेवलेला, आता बहुतेक बंदच. प्रोग्राम त्याच्या दारात उभा राहायचा, वाट बघायचा, परत विचारायचा, परत वाट बघायचा.

मला हसू आलं. इतक्या मोठ्याने आलं की झोपलेलं पोर चाळवलं.

पुढचं काम अवघड नव्हतं. एकामागून एक विचारण्याऐवजी सगळ्यांना एकदमच विचारायचं. ज्याने नाही म्हटलं त्याचं नाही काही वेळ लक्षात ठेवायचं. कायमचं नाही, कारण आज नसलेली वस्तू उद्या त्याच्याकडे येऊ शकते, जुनं नाही धरून बसलं तर नवं कधीच मिळायचं नाही. आणि जो गप्प आहे त्याच्यासाठी थोडं थांबायचं, तेवढ्यात उत्तर आलं नाही तर त्याचंही नाही धरायचं आणि पुढे जायचं.

या शेवटच्यावर ऐश्वर्या अडली.

"उत्तर आलं नाही म्हणजे नाही, असं कसं म्हणतेस? नेट गेलं असेल बिचाऱ्याचं."

"असेल. मग थोड्या वेळाने परत विचारेल की तो. पण तोवर दूध घालणाऱ्याने रांगेत उभं राहायचं का?"

"मला जरा उद्धट वाटतं गं हे."

"गप्प बसणारा उद्धट नाही आणि त्याचं नाही धरणारा उद्धट?"

ती हसली. "सासरी जाऊन तिखट झालीस. ठेव तसंच."

रविवारी मी ते चालवून बघितलं. आधी शोधायला सांगून कुकर लावून यावं इतका वेळ जायचा. आता कळीवरून बोट उचलेपर्यंत उत्तर पडद्यावर. मी परत केलं. परत तेच. शेजारी स्वानंद बसला होता, त्यालाच म्हटलं, "बघितलंस?" तो म्हणाला, "नाही." सध्या तो सगळ्यालाच नाही म्हणतो. त्याला अजून वळण लागलेलं नाही.

त्याच संध्याकाळी समोरच्या शीतलताई गेटाशी भेटल्या. त्या नर्स आहेत, ड्युटीवरून येत होत्या. मला वाटलं, विचारून तर बघावं.

"न्हाई ओ वहिनी," त्या म्हणाल्या. "मंगळवारी माझी दिवसपाळी हाय. चार दिवस आधी सांगितलं असतं तर बदलून घेतली असती. आता न्हाई जमायचं." मग माझ्या तोंडाकडे बघून, "काहून हसून राहिल्या?"

"काही नाही. तुम्ही सरळ नाही म्हणालात ना, बरं वाटलं."

"अवघड हाय तुमचं," त्या म्हणाल्या आणि घरात गेल्या.

चार दिवस आधी. चार दिवस आधी मी घरातल्या तिघांच्या बघूभोवती फेऱ्या मारत होते.

सोमवारी जेवताना शेवटचं विचारलं. तिघेही समोर होते, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायची सोय नव्हती.

"उद्या अकराला माझा तो कॉल आहे. दोन तास स्वानंदला कुणीतरी बघेल ना?"

"बघू म्हटलं ना," चिन्मय म्हणाले.

"करू काहीतरी," बाबा म्हणाले.

"एवढं काय त्यात," आई म्हणाल्या.

आणि मी, गप्प बसणाऱ्याचं नाही धरायचं असा नियम लिहून त्यासाठी भांडलेली बाई, तीन बघू मिळून एक हो होत असेल असं समजून झोपले.

सकाळी चिन्मय नेहमीपेक्षा लवकर निघून गेले, आवक जोरात होती. बाबांनी पिशवीत सोवळं भरलं, कुरुंद्याचा सत्यनारायण ठरला होता. आई टाळ घेऊन दारात उभ्या.

"आई, अकराला..."

"अगं, येतेच की मी. आरती झाली की लगेच. तोवर बघ जरा."

दार लागलं. मी घराकडे बघितलं, एकेका खोलीत जाऊन काय काय खाली आहे ते उचललं. नाणी, पिना, चंदनाचं खोड, बाबांच्या गोळ्या. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची आडवी लावली. मग स्वानंदला माझ्या मागे सतरंजीवर बसवलं आणि वाट्या, चमचे, एक उपडं पातेलं दिलं. मुलाला गप्प करायला लोक खेळणी देतात. मी त्याला आवाज करायला दिली. वाजवत राहिला की मला कळत राहील. एका कानात इयरफोन घातला, दुसरा मोकळा ठेवला.

कॉल सुरू झाला. ऐश्वर्या, आमचे जुने साहेब, दूध संघाची दोन माणसं. त्यातले धर्मसिंग म्हणून एक गृहस्थ सगळे प्रश्न विचारत होते. मी आधी जुना प्रोग्राम चालवला. तो फिरत राहिला. तेवढ्या वेळात धर्मसिंगांनी चहा मागवला. मग नवा चालवला.

"अरे! हो गया?" ते म्हणाले. "फिर से करो."

मी परत केलं. मागे पातेलं दणदणत होतं.

"ये आवाज़ कैसी है?"

"माझ्याकडे काम चाललंय शेजारी," मी म्हणाले. ऐश्वर्याने पडद्यावर ओठ दाबले.

"अच्छा, एक बात बताओ मैडम. जो सर्वर जवाब नहीं दे रहा, उसको आपने ना मान लिया. वो बाद में चालू हो गया तो?"

हाच प्रश्न येणार हे मला माहीत होतं. याचं उत्तर मी भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना पाठ केलं होतं. "सर, ते नाही कायमचं नसतं," मी म्हणाले, "आम्ही त्याला थोड्या वेळाची..."

मागे काहीच वाजत नव्हतं.

मी वळून बघितलं. सतरंजीवर वाट्या होत्या, स्वानंद नव्हता. खुर्ची सरकलेली होती. मी तशीच उठले, इयरफोन कानातून ओढला गेला आणि लॅपटॉप टेबलावर फिरला.

स्वयंपाकघराच्या पलीकडे मागचा ओटा आहे. तिथे सासूबाईंनी जाताना फोडलेल्या शेंगांचं सूप उन्हात ठेवलं होतं. घरभर फिरून मी सगळं उचललं, ओटा मात्र राहिला. तो सुपाशी उकिडवा बसला होता, माझ्याकडे पाठ करून, गप्प. दोन्ही गाल फुगलेले. मी त्याला काखेत उचललं, बोट घालून दाणे काढले, तो चावला, मी आणखी काढले, पालथा घातला, पाठीत मारलं. एक ठसका आला. मग दुसरा. मग त्याने असं भोकाड पसरलं की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. तेव्हा कुठे मी श्वास घेतला. त्याला घट्ट धरून तिथेच दाण्यांत बसून राहिले. त्याचे ओठ लाल होते. मी परत परत बघत होते.

आत आले तेव्हा पडद्यावर कुणी नव्हतं. मोबाईलवर ऐश्वर्याचा मेसेज होता. 'अचानक गेलीस! पुढचं मी सांभाळून घेतलं. त्यांना जाम आवडलं. तुझ्या जागेचं आपण बघू.'

बघू.

दार वाजलं. टाळ खुंटीला लावत सासूबाई म्हणाल्या, "काहून रडून राहिलं लेकरू?" मग ओट्यावरून, "आन् दाणे कुणी सांडले गं एवढे?"

पुढचे काही दिवस मी मोबाईल पदराला बांधल्यासारखा जवळ ठेवला. 'काही कळलं का?' असं ऐश्वर्याला विचारलं. तिने वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी परत विचारलं. निळ्या खुणा. नेट गेलं असेल बिचारीचं, असंही एकदा मनात आलं. मग पॅकेज मॅनेजरची नवी आवृत्ती आली. मीच खिडकीशी बसून ती उतरवून घेतली. सोबतच्या माहितीत लिहिलं होतं की शोध आता कितीतरी जलद झाला आहे, आणि खाली टीमचं नाव, प्रमुख ऐश्वर्या. चालवून बघितलं. खरंच जलद झाला होता. तो बंद पडलेला रेपो अजून यादीत होता. प्रोग्राम त्याच्यासाठी थोडा थांबला आणि पुढे गेला.

मीही त्या दिवशी विचारणं बंद केलं.

हे इतकं मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नव्हतं. मग एका रात्री जेवताना चिन्मयना आठवण झाली.

"अगं, ते तुझं पुण्याचं काय झालं? नोकरीचं?"

"वाढली," मी म्हणाले.

"वाढली? म्हणजे? पगार वाढवून देताहेत की काय?" त्यांचा चेहरा उजळला. "बाबा, ऐकलंत का?"

बाबा कौतुकाने मान डोलवायला लागले. भाताचं पातेलं घेऊन वाकलेल्या सासूबाई मात्र तशाच वाकून राहिल्या. या घरात वाढणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पातेल्यात बघितलं, डाव फिरवला आणि फार हळू आवाजात विचारलं, "भात वाढू का गं थोडा?"

"नाही," मी म्हणाले.

"असं न्हाई म्हणू... पुरे म्हणावं बाई, जेवताना."

"नाही."

चिन्मय माझ्याकडे बघायला लागले. बाबांचा घास हातातच राहिला. स्वानंदला मात्र हा शब्द फार आवडतो. त्याने चमचा उचलला आणि ताटलीवर आपटत सुरू केलं, नाही, नाही, नाही. आई हळूच म्हणाल्या, "गप रे राजा." तो गप्प झाला नाही आणि मी त्याला होऊही दिलं नाही.